हिमालयातील शिखराचा सौदा : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

शनिवारी पहाटे खोपोलीकडे जाणारी लोकल कर्जत सोडून पळसदरीला थांबली की पाठीवर भल्यामोठ्या सॅका घेतलेली मुलेमुली फलाटावर उतरतात. कोणी तलावाकडे जातात, कोणी बोरघाटाच्या पायथ्याच्या जंगलाकडे. पावसाळ्यात तर गर्दीला पारावार नसतो. गेल्या काही वर्षांत या मुलांच्या बोलण्यात एक नवा विषय आला आहे. सह्याद्री झाला, आता हिमालय. त्यातही नुसती पायपीट नव्हे, तर वाटाड्यासह पंधरा-वीस दिवसांचा ट्रेक आणि शेवटी सहा हजार मीटरचे एक शिखर, असा एकत्र सौदा. तो विकणाऱ्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत, दिल्ली-मनालीत आहेत, काठमांडूत तर गल्लोगल्ली आहेत.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. हा आता छंद राहिलेला नसून धंदा झाला आहे, आणि त्यात आपल्यापैकी काही जण ग्राहक म्हणून, तर काही कारागीर म्हणून ओढले जात आहेत.

पळसदरीत राहणारे आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत. कर्जतच्या बाजारात त्यांचे बॅगा शिवण्याचे दुकान आहे. तरुणपणी मुंबईच्या मदनपुऱ्यात हात बसला, मग गावाकडे येऊन दोन मशिनी टाकल्या. शाळेची दप्तरे, प्रवासी बॅगा आणि अलीकडे ट्रेकवाल्या पोरांच्या सॅकांची दुरुस्ती, असे काम चालते. मशिनीवर त्यांचा पुतण्या बसतो, वय चोवीस. रविवारी तो डोंगरवाल्या मंडळींबरोबर दोर वाहण्यासाठी जाऊ लागला आणि त्याला त्याची गोडी लागली. जानेवारीत त्याने नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक आणि इम्जा त्से शिखर अशा मोहिमेसाठी चाळीस हजार रुपये आगाऊ भरून टाकले. एकूण खर्च दोन लाखांच्या घरात होता. उरलेली रक्कम मार्चअखेर द्यायची होती.

चाचांनी तो छापील कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही लिहिणारी-वाचणारी माणसं. एवढं वाचून द्या. पोराला यात शिखर दिसतं, मला दप्तराचा कपडा दिसतो. मार्चला कपडा नाही उचलला तर जूनमध्ये विकू काय?"

पुतण्या मान खाली घालून मशिनीचे तेल पुसत होता. तो एवढेच म्हणाला, "चाचा, मी सहा वर्षं मशीन चालवली, एक दिवस सुट्टी मागितली नाही."

दोघांचेही खरे होते. म्हणून तो कागद आम्ही ओळीओळीने वाचला. पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातून आणि त्यानिमित्ताने गोळा केलेल्या माहितीतून आलेले आहे.

नाव ट्रेकिंग पीक, काम बर्फाचे

इम्जा त्से म्हणजेच आयलंड पीक. उंची ६,१८९ मीटर धरतात. ब्रिटिश गिर्यारोहकांनी १९५१ साली त्याला बर्फाच्या समुद्रातील बेट म्हणून आयलंड पीक हे नाव दिले, नेपाळने पुढे इम्जा त्से हे नाव ठेवले. नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशन ज्या लहान शिखरांचे परवाने देते त्यांत हे फार लोकप्रिय आहे. अशा शिखरांना सरसकट ट्रेकिंग पीक म्हणतात आणि पहिली फसगत तेथेच होते. नाव ऐकून वाटते की चालत जाऊन चालत यायचे. प्रत्यक्षात मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास तंबू सोडावा लागतो. बुटाला लोखंडी दात्यांचे क्रॅम्पॉन बांधून हिमनदीवर चालायचे, बर्फातील भेगा ओलांडायच्या, कधी त्यांवर आडव्या टाकलेल्या शिडीवरून जायचे, आणि शेवटी बर्फाच्या उभ्या भिंतीवर लावलेल्या दोराला जुमार अडकवून वर सरकायचे. खाली येईपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. या ट्रेकमधील नामचे बाजार हे दुसऱ्या मुक्कामाचे गावच त्याच्या दुप्पट उंचीवर, ३,४४० मीटरवर वसलेले आहे.

साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो. श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायू अर्धाच मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण स्वतःच्या गतीने. तरणाबांड पहिलवान असो की काडीपैलवान, या बाबतीत कोणालाही सूट नाही. घाई केली तर आधी डोकेदुखी आणि मळमळ, पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचणे, आणि तरीही माणूस खाली उतरवला नाही तर मृत्यू. म्हणून डॉक्टरांनी घालून दिलेला नियम असा : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा.

हा नियम हाती धरून आम्ही कागदावरचा दिनक्रम तपासला. विमान लुक्लाला उतरते, उंची २,८६० मीटर. पुढे फाकदिंग, नामचे, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९१०, गोरकशेप ५,१६०. तेथून ५,३६४ मीटरवरील बेस कॅम्प पाहून यायचा, मग छुखुंगमार्गे शिखराच्या तळावर जायचे. नामचेला दोन रात्री दाखवल्या होत्या, हे ठीक. पण त्यानंतर दिंगबोचेला एकच रात्र. म्हणजे नामचेनंतर चार दिवस सलग वर, मध्ये विसावा नाही. शिवाय शिखराच्या दिवशी हवा बिघडली तर राखून ठेवलेला दिवसही नव्हता. दिवस वाचवले की मुक्काम, जेवण आणि मजुरी वाचते, म्हणून भाव उतरवता येतो.

हे चाचांना समजावताना आम्हाला फार बोलावे लागले नाही. ते म्हणाले, "म्हणजे कपडा वाचवायला ह्यांनी शिलाईची मायाच कापली. दिसायला बॅग चांगली दिसेल, पण भरली की उसवेल."

वाचकहो, यापेक्षा चांगल्या शब्दांत आम्हालाही सांगता आले नसते. दोन संस्थांच्या भावात फरक दिसला तर सर्वांत आधी दिवस मोजावेत.

कागदावर नसलेला खर्च

कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असते की बिलात लिहिले आहे त्यापेक्षा लिहिले नाही ते जास्त महाग पडते. येथेही तसेच. दुहेरी थराचे बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस, पिसांचे जाकीट आणि स्लीपिंग बॅग हे बहुतेक ठिकाणी ग्राहकाने आणायचे किंवा भाड्याने घ्यायचे असते. वर गेल्यावर गरम पाणी, मोबाइल चार्ज करणे, आंघोळ या प्रत्येकाचे पैसे वेगळे, आणि उंची वाढेल तसा भाव वाढतो. त्यात नवल नाही, कारण तेथे प्रत्येक वस्तू माणसाच्या पाठीवरून, याकच्या पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने येते. वाटाड्याला आणि हमालांना बक्षिसी देण्याची रीत आहे, तीही धरून चालावी.

लुक्लाचे विमान हा स्वतंत्र प्रकार आहे. धावपट्टी डोंगराच्या कडेवर, तिरकी. ढग आले की उड्डाणे बंद, कधी एक दिवस तर कधी तीन-चार. गर्दीच्या हंगामात बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, त्यासाठी मध्यरात्री उठून चार-पाच तास मोटारीने जावे लागते. मुंबईचे परतीचे तिकीट दुसऱ्याच दिवशीचे काढले असेल तर ते बुडालेच समजा. विमानात सामानही साधारण पंधरा किलोच नेता येते.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशी पाहुण्यांच्या निम्मे आहे. पण शिखराच्या परवान्यात अशी सवलत नाही. तेथे आपणही परदेशीच. मात्र त्या परवान्याचा भाव ऋतूप्रमाणे बदलतो. वसंतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, सर्वांत जास्त, आणि शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, त्याच्या निम्मा. ही ओळ वाचक लक्षात ठेवोत, पुढे उपयोगी पडणार आहे.

जेवणाबाबत आपल्या लोकांना प्रश्न पडतो. खुंबूच्या खोऱ्यात प्राणी मारण्याची प्रथा नाही. वर मिळणारे मांस खालून कित्येक दिवस पाठीवर वाहून आणलेले असते. ते हलाल आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी पोटाला ते धोक्याचेच. अनुभवी लोक तेथे डाळभातच खातात. डाळभात एकदा संपला तरी पुन्हा वाढण्याची तेथे पद्धत आहे, हे खाणाऱ्यांना आवडेल.

विम्याचे मात्र जरा थांबून पाहावे. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत दोर आणि क्रॅम्पॉन वापरून केलेले गिर्यारोहण वगळलेले असते, किंवा ठरावीक उंचीच्या वर भरपाई मिळत नाही. बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. पॉलिसीत सहा हजार मीटरच्या वरचे चढणे आणि हेलिकॉप्टरने उतरवणे या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. त्याच वेळी २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत काय निघाले तेही जाणून असावे. काही दलाल किरकोळ आजारी पर्यटकालाही हेलिकॉप्टरमध्ये बसवत, एकाच फेरीची बिले अनेक विमा कंपन्यांकडे लावत आणि पैसे वाटून घेत. खरी गरज असेल तर हेलिकॉप्टर हे जीवदान आहे, पण उगाच घाबरवून बसवणारा आपला हितचिंतक नव्हे.

ओझे कोणाच्या पाठीवर?

ज्याच्या नावाने फोटो निघतो तो ग्राहक. पण त्याच्याआधी वर जाऊन दोर लावणारे, तंबू ठोकणारे, पिठाची पोती वाहणारे वेगळेच असतात. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मरण पावले. ते ग्राहकांचे सामान घेऊन वरच्या तळांकडे निघाले होते. सरकारने अंत्यसंस्कारासाठी प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेरपा भडकले आणि त्यांनी काम थांबवले. त्यानंतर त्यांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. मजुरांनी हात काढून घेतले तर करोडो रुपयांचा धंदा एका दिवसात बंद पडतो, हे जगाने त्या वर्षी पाहिले.

आपल्या भागाला हे परके वाटण्याचे कारण नाही. माथेरानला मोटार जात नाही. तेथे घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे यांच्या जिवावर हॉटेले चालत आली. माणसाने माणसाला ओढण्याची ती पद्धत अमानुष असल्याचे सांगून ती बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. डोंगरात पैसा गुंतवण्याची गोष्टही येथे जुनी. नेरळहून माथेरानला जाणारी लहान गाडी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात घराण्याच्या पैशाने बांधली. त्या काळी सोळा लाख रुपये लागले.

वाटाड्याच्या पेशातही आपल्या लोकांचे नाव जुने आहे. लेहचे गुलाम रसूल गलवान हे काफिल्यांबरोबर घोडी हाकत वाढले, पुढे युरोपियन प्रवाशांचे भरवशाचे वाटाडे झाले आणि शेवटी लेहमध्ये अक्सकाल या मोठ्या हुद्द्यावर पोचले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र १९२३ साली प्रसिद्ध झाले. गलवान खोऱ्याला त्यांचेच नाव आहे. आजही कारगिलच्या सुरू खोऱ्यात ७,१३५ मीटरच्या नुन शिखराकडे जाणाऱ्या मोहिमांचे सामान वाहणारे बहुतांश मुस्लिमच आहेत.

म्हणून सौदा करताना विचारावे : हमालाच्या पाठीवर किती किलो? नेपाळात तीस किलोची मर्यादा सांगितली जाते. त्याला थंडीचे कपडे कोण देतो? त्याचा विमा आहे का? जी संस्था या प्रश्नाला उत्तर देताना चाचपडते, ती आपल्या जिवाचा हिशोबही तसाच ठेवत असणार.

शिखर झाले नाही तर?

चाचांचे बोट शेवटच्या पानावरील एका ओळीवर थांबले. तेथे लिहिले होते की शिखर गाठता आले नाही तरी रक्कम परत मिळणार नाही, आणि वर चढायचे की परत फिरायचे याबाबत प्रमुख वाटाड्याचा शब्द अखेरचा राहील. चाचा म्हणाले, "बघा, माल दिला नाही तरी पैसे घेणार."

आमचे मत येथे चाचांच्या उलट आहे. त्या संपूर्ण कागदात आम्हाला ही ओळ सर्वांत प्रामाणिक वाटली. शिखर हा माल समजला तर विकणारा तो कसाही पोचता करण्याच्या मागे लागेल. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर नेमके हेच झाले. न्यूझीलंडचे रॉब हॉल आणि अमेरिकेचे स्कॉट फिशर या दोन नामांकित वाटाड्यांच्या तुकड्या एकाच दिवशी वर निघाल्या. दुपारी दोनच्या पुढे कोणीही चढायचे नाही, असे बोलणे झालेले होते. हॉल यांच्याबरोबर डग हॅन्सन नावाचा टपाल खात्यातील एक कर्मचारी होता. आदल्या वर्षी हॉल यांनीच त्याला शिखराच्या जवळून परत फिरवले होते. त्याने पुन्हा पैसे जमवले आणि तो पुन्हा आला. या वेळी दोन वाजून गेले तरी त्याला परत फिरवले गेले नाही. वादळ आले. हॅन्सन, हॉल, फिशर असे एकूण आठ जण त्या एक-दोन दिवसांत डोंगरावर मेले. हॉल यांनी आयुष्यभर ग्राहकांना वेळेवर परत फिरवले होते. एका ग्राहकाच्या दुसऱ्या फेरीच्या वेळी त्यांचे मन कचरले असावे, असे आम्हाला वाटते.

तेव्हा पैसे शिखराचे नसतात. ते वाटाड्याच्या डोळ्यांचे, त्याच्या नाही म्हणण्याच्या धाडसाचे आणि परत खाली आणण्याच्या कामाचे असतात. वकील खटला हरला तरी फी घेतो, तसेच हे. फक्त तो वाटाडा कोण, त्याचे शिक्षण काय आणि शिखराच्या दिवशी एका वाटाड्यामागे किती ग्राहक असतील, हे आधी लेखी घ्यावे. चाचांच्या कागदावर हे काहीच नव्हते.

पैसा बुडून पुन्हा उभे राहण्याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. त्या वेळच्या औरंगाबाद ग्रामीण पोलिस दलातील शिपाई रफीक शेख यांनी एव्हरेस्टचा ध्यास घेतला. २०१४ साली हिमस्खलनामुळे मोहीम गुंडाळावी लागली. २०१५ साली पुन्हा गेले, तर २५ एप्रिलच्या भूकंपाने बेस कॅम्पच उद्ध्वस्त केला. शिपायाच्या पगारात एक मोहीम बुडाली तरी माणूस खचतो, येथे दोन बुडाल्या. तिसऱ्या खेपेला, मे २०१६ मध्ये ते शिखरावर पोचले. त्याच हंगामात पुण्यातील पोलिस खात्यातीलच एका जोडप्याने एव्हरेस्ट केल्याचे सांगितले, पण फोटो बनावट निघाले. नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. रफीक शेख यांना दोनदा रिकाम्या हाताने यावे लागले तेव्हा त्यांनी ते तसेच सांगितले होते. आम्हाला त्यांच्या शिखराइतकेच त्याचेही कौतुक आहे.

आधी घरचा डोंगर

पुतण्याचे पाय तयार आहेत, यात शंका नाही. कर्जत-खालापूरचा मुलुख त्यासाठी उत्तम आहे. ढाकच्या बहिरीचा कडा, इर्शाळगड, कुरवंड्याची नागफणी येथे दोराचे काम शिकता येते. त्याचा उपयोग केवळ हौसेपुरता नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जायला रस्ता नव्हता, यंत्र नेता येत नव्हते. भर पावसात डोंगर चढू शकणारी स्थानिक मुले प्रथम उपयोगी पडली. त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीवही गेला.

पण सह्याद्रीत बर्फ नाही आणि उंचीही नाही. ते शिकण्यासाठी सरकारी संस्था आहेत. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून, उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ पासून, शिवाय मनाली आणि पहलगाम येथे. सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. राहणे, जेवण, साहित्य त्यातच येते आणि खर्च या सौद्याच्या मानाने पुष्कळच कमी. तेथेही धोका शून्य नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. हे सांगणे आम्हाला भाग आहे. तरीही पहिल्यांदा क्रॅम्पॉन बांधायचे ते ओरडून चुका दाखवणाऱ्या शिक्षकासमोर बांधावेत, ग्राहकाला खूश ठेवू पाहणाऱ्या माणसासमोर नव्हे.

कारागिराची नजर

बोलता बोलता चाचांनी पुतण्याची सॅक ओढून घेतली. कोण्या सोबत्याकडून निम्म्या भावात घेतलेली, वर परदेशी कंपनीचे नाव. चाचांनी खांद्याच्या पट्ट्याची शिलाई नखाने उचकली आणि म्हणाले, "सुती दोरा आहे. भिजला की कुजेल, घासला की तुटेल. नाव मोठं आणि दोरा दोन पैशांचा." त्यांनी पट्ट्याच्या टोकाला नायलॉनच्या दोऱ्याने चौकट आणि तीत फुली अशी शिलाई मारून दिली, वर आडवे टाके घेतले. मग चेन ओढून पाहिली, तळाचा कपडा उजेडासमोर धरला.

आमच्या कारागीर बांधवांनी येथे लक्ष द्यावे. मदनपुरा, धारावी किंवा भिवंडीत जो हात दप्तर शिवतो, तोच हात सॅक, तंबूची पिशवी, बुटावरचे गेटर आणि हमालाच्या पाठीवर जाणारी लांबोडी डफल बॅग शिवू शकतो. कपडा बदलावा लागेल. चौकडीच्या विणीचे, एका जागी फाटले तरी पुढे न फाटणारे नायलॉन, आतून लेप दिलेले. चेन भारी प्रतीची, कारण थंडीत हातमोजे घालून ओढताना हलकी चेन दगा देते. शिलाईच्या भोकांतून पाणी शिरते, तेथे आतून पट्टी चिकटवावी लागते. काठमांडूच्या ठमेल बाजारात असा माल ढिगाने शिवला जातो आणि त्यातल्या बऱ्याच मालावर परदेशी कंपन्यांची खोटी नावे असतात. ती वाट आपण धरू नये. एक तर तो गुन्हा आहे, आणि दुसरे म्हणजे माल चांगला निघाला तरी नाव दुसऱ्याचेच होते.

दुरुस्तीचे काम तर आजच हाताशी आहे. तंबूची चेन, सॅकचे बकल, बुटाचा सुटलेला तळ यांसाठी मुंबईची मुले नवीन माल घेतात, कारण दुरुस्त करणारा सापडत नाही. कर्जत स्टेशनबाहेर एक मशीन आणि चार प्रकारची बकले एवढ्या भांडवलावर शनिवार-रविवार भरतात, हे चाचांच्या दुकानात आम्ही पाहिले.

ज्यांना वाटाड्या होऊन रोजी कमवायची आहे त्यांनी कायदाही पाहावा. जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर महाराष्ट्र सरकारने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचे नियम काढले आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. पैसे घेऊन लोकांना डोंगरात नेणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी, शिकलेला माणूस आणि प्रथमोपचाराची सोय ठेवावी, अशी त्याची दिशा आहे.

मार्चचा कपडा

शेवटी प्रश्न उरला त्या दीड लाखाचा. दप्तराचा धंदा करणाऱ्यांना ठाऊक आहे की मार्चला कपडा उचलायचा, एप्रिल-मेमध्ये रात्रंदिवस मशीन चालवायची आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विकायचे. वर्षाची निम्मी कमाई त्या हंगामात. पोराची मोहीम नेमकी एप्रिलअखेर होती. म्हणजे पैसा जाणार आणि मशीनवरचा हातही जाणार. चाचांचा विरोध डोंगराला नव्हताच, तारखेला होता. ते त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये दुकान मोकळे असते. परवाना निम्म्या भावात. हवा साधारण स्वच्छ. मधल्या काळात उत्तरकाशी किंवा मनालीच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली तर शिकूनही होईल. आम्ही हे बोललो तेव्हा पुतण्या बराच वेळ गप्प होता. मित्र एप्रिलला जाणार, आपण मागे राहणार, हे त्या वयात सोपे नसते. मग त्याने विचारले, "भरलेल्या चाळीस हजारांचं काय?"

संस्थेला पत्र लिहिले. त्यात चार गोष्टी मागितल्या : तारीख ऑक्टोबरवर न्यावी, दिंगबोचेला एक विसाव्याचा दिवस आणि शिखरासाठी एक राखीव दिवस धरावा, वाटाड्याचे नाव आणि त्याच्यामागे किती ग्राहक हे लिहून द्यावे, हमालांच्या विम्याची प्रत दाखवावी. बारा दिवसांनी उत्तर आले. तारीख बदलून मिळाली, त्यासाठी पाच हजार कापले. दोन्ही दिवस वाढवून दिले, त्याचा भाव वेगळा लावला. वाटाड्याचे नाव कळवले, एकामागे तीन ग्राहक. विम्याची प्रत अजून आलेली नाही. ती आल्याशिवाय पुढचा हप्ता जाणार नाही, असे चाचांनी कळवले आहे.

मार्चमध्ये दप्तरांचा कपडा आला. त्याच गाठोड्यात चाचांनी पाच मीटर जाड नायलॉन जास्तीचे मागवले होते. पुतण्याने हमालाच्या पाठीवर जाणाऱ्या डफलचे माप काढून दिले. चाचांनी कागदावर आखणी केली आणि दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडून कात्री लावली.